वस्तऱ्यावरची तार

आमच्या घरात पहाटे दोन आवाज जोडीनं सुरू व्हायचे. एक मायच्या जात्याचा आणि दुसरा निसण्यावर फिरणाऱ्या वस्तऱ्याचा. निसणा म्हणजे धार लावायचा दगड, वीतभर लांब, सुपारीच्या रंगाचा, मधोमध थोडा खोलगट झालेला. जात्याची घरघर गल्लीच्या टोकापर्यंत जायची. निसण्याचा आवाज मात्र शेजारच्या भिंतीपलीकडं जेमतेम पोचायचा, आणि तिथं ज्यांना तो ऐकू यायचा त्यांना वाटायचं, किसन उठला, हत्यारं पाजवायला बसला. किसन म्हणजे माझा बा. तो तेव्हा अंगणात तांब्या घेऊन तोंड धूत असायचा. निसण्यावर बसलेली असायचे मी.

हे गल्लीत कोणाला माहीत नव्हतं आणि माहीत होऊ द्यायचं नव्हतं. बाचं शहागंजात दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लाकडी खुर्ची, पाऱ्याचे डाग पडलेला आरसा आणि गिऱ्हाइकाला बसायला बाकडं. लासूर स्टेशनकडच्या आमच्या गावातून तो हत्यारांची धोकटी काखेत मारून शहरात आला, तो इथलाच झाला. हात असा हलका, की म्हातारी माणसं खुर्चीत डुलक्या घ्यायची. पण चाळिशी उलटली आणि त्याला जवळचं दिसेना. गालावरचे केस बोटांना कळायचे, तिथं डोळ्यांचं फारसं अडायचं नाही. अडायचं ते धारेपाशी. वस्तऱ्याची धार उजेडात धरून बघावी लागते. तिच्यावर कुठं चकाकी दिसली की समजावं, तिथं ती बोथट आहे, कारण चांगली धार दिसतच नाही. बाला चकाकीही दिसेना आणि धारही दिसेना. चष्मा लावायला तो तयार नव्हता. "आंधळ्या न्हाव्याच्या हातात मान कोण दील गं?" असं मायला म्हणायचा. थोरली बहीण लग्न होऊन गेली होती, भाऊ नव्हता. मग एका सकाळी त्यानं मलाच हाक मारली, "शेवंते, इकडं ये. तुझे डोळे दे जरा."

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. पुरुषांच्या गालावरून फिरणाऱ्या वस्तऱ्याला घरातल्या बाईचा हात लागतो हे कळलं असतं तर निम्मी गिऱ्हाइकं तुटली असती, आणि माझं लग्न जुळवताना त्याचा बोभाटा झाला असता तो वेगळाच. म्हणून माय दाराला साडीचा पडदा लावायची आणि मुद्दाम त्याच वेळी दळायला बसायची.

बानं शिकवलं ते सगळं हातानं शिकवलं, तोंडानं कमीच. माझ्या मनगटावर आपली बोटं ठेवायचा आणि मी जोर दिला की दाबायचा. दगडावर आधी पाण्याचे दोन थेंब. मग वस्तरा पूर्ण आडवा निजवायचा, त्याची जाड पाठ आणि पातळ धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकल्या पाहिजेत. पाठ उचलली की धार मेली. मग धार पुढं करून तिरकस ढकलायचा, दगडाची पातळ साल काढावी तसा. टोकाला पोचला की पाठीवर कूस बदलायची, धारेवर कधीच नाही, आणि तसाच परत आणायचा. आधी हाताचं वजन, मग नुसतं वस्तऱ्याचं वजन, आणि शेवटी शेवटी तेवढंही नाही. कान दगडाकडं ठेवायचा. खरखर कमी होत होत रेशीम ओढल्यासारखा आवाज आला, की थांबायचं. त्यानंतर खुंटीला अडकवलेला चामड्याचा पट्टा डाव्या हातानं ताणून त्याच्यावर वस्तरा ओढायचा, इथं मात्र उलटं, पाठ पुढं आणि धार मागं. पन्नास हात. शेवटी ओल्या अंगठ्याच्या नखावरून धार अलगद फिरवायची. ती लोण्यात गेल्यासारखी वाटली की वस्तरा मिटून धोकटीत.

घरातल्या पात्यांची रीत निराळी. खुरपं, विळा असलं वाकडं पातं असलं की ते गुडघ्यात धरायचं आणि दगड हातात घेऊन त्याच्यावरून फिरवायचा. मोठ्या पात्याला दगड हलतो, लहान पात्याला पातं हलतं, एवढंच बा म्हणायचा. विळीला मी बशीच्या बुडाची खरबरीत कड घासायचे. ते मी अजूनही करते. सूनबाईनं धार लावायचं एक चाकांचं यंत्र आणलंय, त्यातून सुरी ओढली की करकर वाजते आणि माझ्या दाढा आंबतात. ती स्वयंपाकघरातून गेली की मी कप उपडा करते आणि आपली सुरी त्याच्या बुडावर पाच-सात वेळा लावून घेते. तिला माहीत आहे.

मला एक गोष्ट मात्र बानं पुन्हापुन्हा सांगितली होती. पात्याला खाच पडली, तर ती काढायला दगडावर जोर द्यावा लागतो. जोर दिला की धारेच्या कडेला लोखंडाची तार उभी राहते, केसापेक्षा बारीक. डोळ्याला ती दिसत नाही. नखाला एका अंगानं अडते. ती तार कशीही जाऊ द्यायची नाही. धार लाकडावर एकदा हलकेच ओढून ती मोडायची, पुन्हा निसण्यावर अगदी हवेसारखे हात द्यायचे, मग पट्टा. "न्हाय तर काय हुतं, बा?" मी विचारलं होतं. "न्हाय तर ती तार गिऱ्हाइकाच्या गालावर मोडती. मग धारंला दात येत्यात. अन् दात आलेला वस्तरा न्हाव्याचं ऐकत नाय."

पोलीस ॲक्शन होऊन हैदराबादचं राज्य संपलं होतं. रस्त्यांत लष्कराच्या गाड्या दिसेनाशा झाल्या होत्या, पण माणसं अजून एकमेकांकडं नीट बघत नव्हती. आमच्या गल्लीत दोन घरांना कुलपं होती. त्या घरांतली माणसं हैदराबादला गेली की आणखी पुढं, कोणी विचारत नव्हतं. बाच्या दुकानातलं बाकडं तर डोळ्यांदेखत बदललं. आधी त्याच्यावर धोतरं आणि पायजमे मांडीला मांडी लावून बसायचे, उर्दूतून शिव्या द्यायचे, मराठीतून हसायचे. आता पायजमे यायचे थांबले. ते त्यांच्या मोहल्ल्यातल्या हज्जामाकडं जाऊ लागले. राग होता असं नाही. मान उघडी करून, डोळे मिटून, दुसऱ्याच्या हातात वस्तरा द्यायचा, ही गोष्ट त्या दिवसांत सोपी राहिली नव्हती.

एकटे गफूरचाचा यायचे. ते जिल्दसाज होते, पुस्तकांची बांधणी करायचे. घराच्या ओसरीत त्यांचं काम चालायचं आणि खळीचा आंबूस वास रस्त्यापर्यंत यायचा. कागदाच्या कडा कापायची त्यांची रुंद सुरी ते बाच्याकडून पाजवून न्यायचे, म्हणजे अलीकडे माझ्याकडून, पण त्यांना ते माहीत नव्हतं. दर शुक्रवारी नमाजाच्या आधी ते बाच्या हातून ख़त करून घ्यायला यायचे. दाढी तशीच ठेवून गालावरची आणि गळ्याखालची रेघ वस्तऱ्यानं साफ करायची, त्याला ते ख़त म्हणायचे. ईदला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा, आणि पोळ्याला आमच्याकडून पुरणाच्या पोळ्या जायच्या. माय येसराच्या मसाल्याची आमटी करायची त्या दिवशी बा म्हणायचा, "एक वाटी गफूरभाईला ठिव." त्यांचा मुलगा युसूफ त्यांना अडवायचा, असं ते स्वतःच हसत सांगायचे. "लौंडा बोलता, अब्बा, उधर नक्को जाव. मैं बोल्या, अरे, बीस बरस से गर्दन दे रहा हूँ, आज कायकू डरूँ?"

शुक्रवारी बा वस्तरा स्वतः निवडायचा, काळ्या मुठीचा, आणि आदल्या दिवशीच मला सांगून ठेवायचा, "उद्या चाचा हायेत."

त्या शुक्रवारी माझ्या शाळेत झेंडावंदन होतं. आधी आमची शाळा उर्दू होती, आता मराठी झाली होती आणि नव्या बाईंनी गाण्यासाठी चार मुली निवडल्या होत्या. त्यांत मी होते. मला निळ्या काठाचं परकर-पोलकं शिवलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी बाच्या हातून काळ्या मुठीचा वस्तरा दगडी पायरीवर पडला आणि त्याला बारीक खाच पडली. "सकाळी काढ तेवढी," तो म्हणाला, "घाई करू नको."

सकाळी मी निसण्यावर बसले ती मनात गाणं म्हणतच. खाच निघेना. मी जोर दिला. आणखी जोर दिला. खाच गेली तोवर उजाडलं होतं, आणि रस्त्यावरून मैत्रिणींच्या हाका यायला लागल्या होत्या. तार उभी राहिलेली मला कळली. नखावरून वस्तरा फिरवला, तर एका बाजूनं तो अडला. मी हे विसरले होते असं आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विसरले नव्हते. मला वाटलं, पट्ट्यावर ती निघून जाईल. पन्नासाच्या जागी दहा-बारा हात दिले, वस्तरा मिटला आणि धोकटीत घातला. माय जात्यावरून म्हणाली, "झालं एवढ्यात?" मी म्हटलं, "व्हय," आणि वेणीला रिबीन बांधत पळाले.

गाणं चांगलं झालं. आम्हांला बुंदीचे लाडू मिळाले. मी एक खाल्ला आणि एक बासाठी रुमालात बांधून दुकानाकडं निघाले. लांबूनच दुकानापुढं माणसं दिसली. मला वाटलं, तिथंही काही कार्यक्रम असेल.

माणसांमधून वाट काढत मी पुढं गेले. गफूरचाचा खुर्चीत बसले होते. त्यांच्या छातीवरचं पांढरं फडकं मानेपासून खाली लाल झालं होतं. बा तुरटीचा खडा त्यांच्या गळ्यावर दाबून उभा होता. जखम खोल नव्हती, हे नंतर कळलं. हनुवटीच्या खाली, दोन बोटं लांब. पण गळ्याची होती. आणि दिवस तसे होते.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "किसनभाऊ, हात घसरला का घसरवला?" दोघंतिघं हसली. तेवढ्यात युसूफ धावत आला. तो वडिलांच्या पायांशी बसला, त्यांचं फडकं बघितलं आणि बाच्या दिशेनं वळून उभा राहिला. त्याच्या मागं त्यांच्या मोहल्ल्यातली चारपाच पोरं होती. दोन्हीकडची माणसं समोरासमोर उभी राहिली. टांग्याच्या घोड्यानं कुठंतरी मान झटकली आणि त्याचे घुंगरू तेवढे वाजले.

गफूरचाचांनी बाचा हात बाजूला केला, तुरटी स्वतः धरली आणि उठून उभे राहिले. "क्या तमाशा लगाए हो?" ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मेरेकू खाँसी आई. मैंच हिल गया. इसमें किसन का क्या है? चलो, जाव अपने अपने घर."

इथं गोष्ट मिटली असती. पण बा पुढं आला. "नाय, गफूरभाई," तो म्हणाला, "खोटं बोलू नका. तुमाला खोकला आला नाय, तुमी हालला नाय. माझाच हात चुकला." मग युसूफकडं बघून त्यानं हात जोडले. "पोरा, मला आता दिसत नाय नीट. माझी चूक हाय. मी धरायलाच नको हुता वस्तरा."

त्यानं आपलं गुपित, जे त्यानं वर्ष-दीड वर्ष घराच्या पडद्याआड सांभाळलं होतं, ते भर रस्त्यात सांगून टाकलं. अर्धंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते. माझ्या मुठीत लाडू होता आणि मी तो इतका घट्ट दाबला होता की रुमालातून त्याचा पाक बोटांना लागला. मला एवढंच म्हणायचं होतं: बाचा हात चुकला नाही, वस्तऱ्यावर तार होती, ती मी ठेवली. मी तोंड उघडलंसुद्धा. पण सगळे माझ्याकडं बघतील, मुलीनं पाजवला म्हणतील, गाण्यातल्या त्या तीन मुलींच्या कानावर जाईल, असं वाटलं, आणि मी ते मिटलं. युसूफनं वडिलांना खांद्याला धरून नेलं. गर्दी पांगली. बा खुर्ची पुसत राहिला.

बानं दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पण गिऱ्हाइकांचे दोन तट पडले होते. काही घाबरली, ती आली नाहीत. आणि काही मुद्दाम आली. त्यांतला एक जण, नवी खादी घातलेला, खुर्चीत बसला आणि बाच्या हातावर थाप मारून म्हणाला, "याच हातानं कर माझी दाढी, किसनभाऊ. चांगलं काम केलंस बघ." बानं साबण लावलेला ब्रश खाली ठेवला. त्या माणसाच्या तोंडाचा फेस ओल्या फडक्यानं पुसला आणि म्हणाला, "उठा. दुकान बंद झालं." ते खरंच बंद झालं. घरी येऊन त्यानं मायला सांगितलं तेव्हा तो रडत होता. "रागानं मारलं म्हणत्यात लोक, ते सोसंल मला. पण शाब्बास म्हणत्यात गं."

पुढं त्याला पडेगावच्या रस्त्याला एका मळ्यात राखणीचं काम मिळालं. मोसंबीच्या झाडांना पाणी द्यायचं, पाखरं हाकायची. वस्तऱ्याला त्यानं पुन्हा हात लावला नाही. स्वतःची दाढी दुसऱ्या न्हाव्याकडून करून घ्यायचा, तीही महिन्यातून एकदा. जन्मभर लोकांची तोंडं गुळगुळीत केलेला माझा बा पांढऱ्या खुंटांनी भरलेल्या गालांनी वावरायला लागला, तेव्हा मला त्याच्याकडं बघवेना.

गफूरचाचा एकदा आमच्या घरी आले. युसूफ त्यांना हैदराबादला, मोठ्या लेकीकडं, कायमचं नेणार होता. दुपारची वेळ होती आणि बा आतल्या खोलीत होता. त्यांचा आवाज ऐकताच त्यानं मला खूण केली, नाही म्हणून सांग. मी दारात गेले. त्यांच्या गळ्यावर फिक्या गुलाबी रंगाची रेघ होती. दाढी त्यांनी गळ्यापर्यंत वाढू दिली होती, तरी ती दिसत होती.

"किसन है, बेटी?"

"नाय, चाचा. मळ्यात गेलेत."

ते थोडा वेळ उंबऱ्याशी उभे राहिले. आतून बाचा खोकला आला. त्यांनी तो ऐकला, मी ऐकला. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. "उसकू बोलना," ते म्हणाले, "मेरे दिल में कुछ नै. उसका हात मैं जानता. बीस बरस में एक बाल नै खींच्या उसने. कैसा हुआ, येच समझ में नै आता मेरेकू."

कसं झालं ते सांगू शकणारी मी त्यांच्यासमोर उभी होते. दुसऱ्यांदा मला संधी मिळाली होती, गर्दी नव्हती, हसणारं कोणी नव्हतं, ऐकणारे फक्त दोघं, एक दारात आणि एक आत. त्या एका वाक्यानं त्या दोघांना एकमेकांसमोर बसता आलं असतं. मी म्हटलं, "सांगते, चाचा." ते गेले. नंतर कोणाकडून तरी ते हैदराबादेत वारल्याचं कळलं, तेही बऱ्याच उशिरा.

माझं लग्न झालं, मी शिकले, शिक्षिका झाले. बा गेला तेव्हा मी फर्दापूरच्या शाळेत होते आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याच्या तेराव्यानंतर माय आणि मी दोघीच घरात होतो. मी तांदूळ निवडत होते. निवडता निवडता, काही न ठरवता, मी तिला सांगितलं. घाई, तार, दहा-बारा हात, सगळं. पंचवीस वर्षं तोंडात धरलेलं वाक्य पाचसहा वाक्यांत संपलं.

माय म्हणाली, "मला ठावं हाय."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"त्याच दिशी कळलं त्यांना," ती म्हणाली. "दुपारी घरी आले, वस्तरा नखावर फिरवून बघितला अन् माझ्यापुढं धरला. म्हणले, पोरीनं घाई केली गं आज."

"मग मला का नाय बोलला? मारलं का नाय मला?"

"म्या म्हणलं, बोला तिला. तर म्हणले, नको. आपण सांगितलं तर ती शिक्षा हुईल. तिनं सांगितलं तर मोकळी हुईल. येईल सांगायला, लहान हाय अजून." मायनं माझ्या हातातलं सूप खाली ठेवलं. "तू माहेरी आली की मला म्हणायचे, तू जरा बाहीर बस जाऊन. पोरीला काय बोलायचं असंल."

मला ते सगळे दिवस आठवले. मी आले की बा मळ्यातून लवकर यायचा, पाय धुऊन माझ्यासमोर भिंतीला टेकून बसायचा. माय काहीतरी निमित्त काढून बाहेर जायची. बा विचारायचा, "बरं हाय का?" मी म्हणायचे, "बरं हाय." मग तो विचारायचा, "आन् काय?" मी शाळेचं सांगायचे, मुलाला येऊन गेलेल्या तापाचं, बदलीच्या अर्जाचं. तो मान हलवत सगळं ऐकून घ्यायचा, संपेपर्यंत, आणि मी गप्प झाले की थोडा वेळ थांबून पुन्हा विचारायचा, "आन् काय?"

मी म्हणायचे, "काय नाय, बा. बाकी सगळं चांगलं हाय."